शेवाळलेल्या कालव्याचा ‘एन’ किती धरायचा?

प्रश्न थोडक्यात असा. एका मातीच्या, अस्तरीकरण नसलेल्या वितरिकेचं एचईसी-रासमध्ये (नदी-कालव्यातल्या प्रवाहाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) मॉडेल केलंय. तळापासून अर्ध्या खोलीपर्यंत हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतींचं रान दाट माजलंय. मॅनिंगचा एन, म्हणजे वाहत्या पाण्याला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा, ०.०२५ वरून वाढवत ०.१२ च्या आसपास नेला तेव्हा एका विसर्गाला पाणीपातळी जुळली. विसर्ग वाढवला की मात्र मॉडेल प्रत्यक्षापेक्षा बरीच वर पातळी दाखवतं. एन कमी केला तर आधीचा विसर्ग बिघडतो. मग या कालव्याचा खरा एन कोणता?

सरळ उत्तर: असा एकच एन नाही, आणि तो शोधत बसलात तर मॉडेल कधीच जुळणार नाही. बुडालेल्या वनस्पतींच्या कालव्यात एन हा पाण्याची खोली, वेग आणि वनस्पतीची वाकण्याची ताकद या तिघांतून निघणारा परिणाम असतो. तो मॉडेलमध्ये टाकायचा आकडा आहे हे खरं, पण त्याच्याही मागे जाऊन वनस्पतीचा अडथळा मोजला तर एन आपोआप हाती येतो, आणि प्रत्येक विसर्गाला वेगळा येतो.

रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ मध्ये आयर्लंडमध्ये आपलं सूत्र मांडलं तेव्हा त्यामागची कल्पना खडबडीत तळ आणि काठ ही होती. खडबडीतपणा पाण्याच्या खोलीच्या मानाने लहान आणि जागचा न हलणारा असेल तर एन बऱ्यापैकी स्थिर राहतो. तुमच्याकडे मीटरभर पाण्यात अर्धा मीटर उंचीची, डोलणारी वनस्पती आहे. घर्षण तळाला होत नाही, पाण्याच्या पोटात होतं. पाण्याचं वजन उताराच्या दिशेने जे ढकलतं, त्यातलं जवळजवळ सगळं पानं आणि देठं अडवतात. तळाच्या मातीच्या वाट्याला नगण्य हिस्सा येतो.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. आपल्याकडे पाहणीच्या नोंदीत ‘कालव्यात शेवाळ’ एवढंच लिहिलेलं असतं. तेवढ्यावर मॉडेल करता येत नाही. वर तरंगणारी जलपर्णी, पाण्याबाहेर डोकं काढणारं पाणकणीस आणि पूर्ण बुडालेली हायड्रिला यांचं जलशास्त्र तीन वेगळ्या प्रकारचं आहे. बुडालेल्यांतही फरक आहे. व्हॅलिसनेरियाची पानं मुळापासून फितीसारखी निघतात आणि वेग वाढला की आडवी होतात. हायड्रिलाचं देठ बारीक, पण वरच्या भागात फांद्या आणि पानांचा गच्च झुबका असतो. उथळ पाण्यात ती पृष्ठभागापर्यंत येऊन चटईच पसरते, आणि तसं झालं की खाली लिहिलेलं दोन थरांचं गणित लागू होत नाही. पाटकऱ्याला सोबत घेऊन, काठावरून वाकून, वनस्पती उपटून बघा आणि मगच मॉडेल उघडा.

आता दोन थरांबद्दल. वनस्पतीच्या उंचीपर्यंतचा खालचा थर संथ असतो, त्याच्या वरचा मोकळा थर वेगवान. दोघांच्या सीमेवर वेग इतका झपाट्याने बदलतो की तिथे सतत भोवरे तयार होतात. बाजरीच्या उभ्या पिकावरून वारा गेला की लाट सरकत जाते, तसंच पाण्याखाली होतं, आणि भौतिकशास्त्रही तेच आहे: राउपाख, फिनिगन आणि ब्रुनेट यांनी १९९६ मध्ये पिकांवरच्या वाऱ्यासाठी जी मांडणी केली तीच पुढे एमआयटीच्या हाइडी नेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यातल्या वनस्पतींना लावून दाखवली. हे भोवरे वरच्या थरातला जोर खाली पोचवतात, पण फार खोल नाही. वनस्पती दाट असेल तर भोवऱ्यांची पोच साधारण ०.२३ भागिले (ड्रॅग गुणांक गुणिले ए) एवढीच असते. ड्रॅग गुणांक म्हणजे पानंदेठं प्रवाहाला किती अडवतात याचा बिनएककाचा आकडा.

हा ‘ए’ म्हणजे या सगळ्या गणिताचा प्राण. एक घनमीटर पाण्यात प्रवाहासमोर येणारं पानादेठांचं एकूण क्षेत्रफळ म्हणजे ए. एकक दर मीटर. व्हॅलिसनेरियाचं पान सेंटिमीटरभर रुंद धरलं आणि चौरस मीटरला ५०० पानं मोजली, तर ए झाला ५. त्याला वनस्पतीच्या उंचीने गुणलं की बिनएककाचा आकडा मिळतो, तो ०.१ च्या बराच खाली असेल तर वनस्पती विरळ समजायची आणि नेहमीचा तळाचा खडबडीतपणा थोडा वाढवून काम भागतं. ०.१ च्या वर गेलात की दोन थर धरण्यावाचून गत्यंतर नाही. ५ गुणिले अर्धा मीटर म्हणजे २.५. तुमचा कालवा या सीमेच्या कितीतरी पलीकडे आहे.

मार्टिन बाप्टिस्ट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दिलेलं सूत्र मला प्रत्यक्ष कामासाठी सगळ्यांत सोयीचं वाटतं. त्यात शेझीचा सी (एनच्या उलट, हा जितका मोठा तितकं पाणी सहज वाहतं) दोन तुकड्यांच्या बेरजेने मिळतो. पहिला तुकडा खालच्या थराचा: तळाच्या सीच्या वर्गाचा व्यस्त घ्या, त्यात (ड्रॅग गुणांक गुणिले ए गुणिले वनस्पतीची उंची भागिले २जी; जी म्हणजे गुरुत्वत्वरण) मिळवा, त्या बेरजेचा व्यस्त काढून वर्गमूळ घ्या. दुसरा तुकडा वरच्या थराचा: जीचं वर्गमूळ भागिले ०.४१, गुणिले एकूण खोली भागिले वनस्पतीची उंची याचा नैसर्गिक लॉगॅरिदम. एवढंच. कॅल्क्युलेटरवर होतं.

आकडे घालून बघू. खोली १ मीटर, उतार ०.०००३, वनस्पती अर्धा मीटर, ए ५, ड्रॅग गुणांक १, तळाचा एन ०.०२५ म्हणजे सी ४०. कालवा रुंद धरून काठांचं घर्षण सोडून देतो. पहिला तुकडा येतो २.८, दुसरा ५.३; एकूण सी ८.१. स्वच्छ कालव्यात सरासरी वेग सेकंदाला ०.६९ मीटर असता, तो आता ०.१४ झाला. म्हणजे वहनक्षमता पाचवा हिस्सा. याला मॅनिंगच्या भाषेत लिहिलं तर एन ०.१२४, म्हणजे तुम्ही जुळवून काढला त्याच्या जवळचाच.

आता त्याच कालव्यात खोली दीड मीटर करा, वनस्पती जशीच्या तशी ताठ ठेवा. सी ११.२ होतो, एन ०.०९६. वनस्पती तीच, तळ तोच, तरी एन जवळजवळ पाव हिस्सा कमी झाला. कारण मोकळा थर जाड झाला. आणि वाढलेल्या वेगाने वनस्पती वाकली, उंची ३० सेंटिमीटरवर आली, ड्रॅग गुणांक, ए आणि उंची यांचा गुणाकार २.५ वरून १ वर आला, तर सी १६.७ आणि एन फक्त ०.०६४. तुम्ही ०.१२ हा एन वरच्या विसर्गालाही तसाच नेला आणि मॉडेल पातळी वर दाखवत राहिलं, याचं कारण हेच.

फ्रीबोर्डच्या, म्हणजे पाण्याच्या वर राखायच्या भरावाच्या उंचीच्या, दृष्टीने हे आणखी एका बाजूने बघा. वनस्पती न वाकता दीड मीटर खोलीला जेवढं पाणी जातं, रुंदीच्या दर मीटरला सेकंदाला सुमारे ०.३६ घनमीटर, तेवढंच स्वच्छ कालव्यातून ६७ सेंटिमीटर खोलीला जातं. आवर्तन सुरू झालं की भरावावरून पाणी जाण्याची वेळ येते आणि टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, मात्र पोचत नाही, ही तक्रार दर उन्हाळ्यात ऐकू येते. टेलच्या शेतकऱ्याचं पाणी वरच्यांनी उपसलं असेलही, पण आधी या दोन आकड्यांतला फरक तपासा. चोरीचा आरोप करण्याआधी कालव्याची आजची क्षमता माहीत असणं हे आपलं कर्तव्य आहे.

वाकण्याचा भाग मॉडेलमध्ये सगळ्यांत अवघड. ताठ काठीवरचा ड्रॅग वेगाच्या वर्गाने वाढतो. लवचीक पान वेग वाढला की आडवं होतं, पानं एकमेकांना चिकटतात, आकार निमुळता होतो. त्यामुळे ड्रॅग वर्गाने न वाढता त्याहून सावकाश, कधीकधी जवळजवळ वेगाच्या प्रमाणातच वाढतो. वर्गाच्या घातांकातून वजा होणाऱ्या या आकड्याला व्होगेल घातांक म्हणतात. पाण्यातल्या पानांना स्वतःची तरंगण्याची शक्तीही असते, ती त्यांना पुन्हा उभं करू पाहते. प्रयोगशाळेत हे सगळं बारकाईने मोजता येतं. कालव्यावर माझा सल्ला साधा आहे: दोन-तीन वेगवेगळ्या विसर्गांना वाकलेल्या वनस्पतीची उंची काठीने मोजा आणि तीच सूत्रात घाला. लवचिकतेचं गणित अंदाजाने करण्यापेक्षा ही मोजणी शंभर टक्के जास्त भरवशाची.

एन वेगासोबत घसरतो हे काही नवं नाही. अमेरिकेत गवत लावलेल्या चरांवर जे प्रयोग झाले ते री आणि पामर यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केले. वेग गुणिले जलत्रिज्या (पाण्याच्या छेदाचं क्षेत्रफळ भागिले ओला परीघ) हा गुणाकार वाढला की एन कसा खाली येतो याचे आलेख त्यात आहेत, गवताचे ए ते ई असे पाच वर्ग करून. मृदसंधारणाच्या कामात ते आजही वापरतात. पण ते गवत कोरड्या चरात वाढलेलं, पावसाच्या पाण्यात थोडा वेळ बुडणारं. कायम पाण्यात राहणाऱ्या हायड्रिलाला तेच आलेख लावू नका. त्यातली दिशा घ्या, आकडे घेऊ नका. कोवन यांची १९५६ ची पद्धतही पुष्कळ जण वापरतात: मूळ एनमध्ये वनस्पतीसाठी ०.००५ पासून ०.१ पर्यंत भर घालायची. पहिल्या अंदाजाला ठीक. पण ‘अति जास्त’ या एकाच रकान्यात ०.०५ ते ०.१ एवढा पल्ला असताना त्यावर फ्रीबोर्ड ठरवणं मला पटत नाही.

ए मोजायला वेळ नसेल तर अडथळ्याच्या प्रमाणावरून जाता येतं. मितुल लुहार आणि हाइडी नेफ यांनी २०१३ मध्ये दाखवलं की वनस्पतीने आडव्या छेदाचा किती हिस्सा व्यापलाय यावर एन मुख्यतः ठरतो. मोकळ्या हिश्शाचा उणे दीड घात घ्या, एका गुणांकाच्या निम्म्याच्या वर्गमूळाने गुणा, जीच्या वर्गमूळाने भागा, खोलीच्या सहाव्या मुळाने गुणा. तो गुणांक ०.०५ ते ०.१३ च्या दरम्यान असतो. वरच्याच उदाहरणात ०.०५ घेऊन बघितलं तर मीटरभर खोलीला एन ०.१४, दीड मीटरला ताठ वनस्पतीसाठी ०.१०, आणि वाकल्यावर ०.०७५ येतो. बाप्टिस्टच्या सूत्राने ०.१२४, ०.०९६ आणि ०.०६४ आले होते. दोन वेगळ्या वाटांनी इतकं जवळ येतं तेव्हा धीर येतो. काठीने वनस्पतीची उंची आडव्या छेदावर दर अर्ध्या मीटरला मोजली की अडथळ्याचं प्रमाण हाती येतं, आणि हे काम कालव्यावरचा कोणताही माणूस करू शकतो.

आता मोजणीतला एक सापळा, ज्याने चांगली चांगली मॉडेलं फसतात. विसर्ग मोजताना आपण करंट मीटर (वेग मोजायचं पंख्याचं यंत्र) पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर धरतो आणि तो वेग सरासरी मानतो. हा नियम तळापासून वर लॉगॅरिदमच्या वळणाने वाढणाऱ्या वेगासाठी आहे. तुमच्या कालव्यात मीटरभर खोलीला ०.६ म्हणजे तळापासून ४० सेंटिमीटर, म्हणजे मीटर थेट पानांच्या आत. ए ५ असताना भोवऱ्यांची पोच जेमतेम ५ सेंटिमीटर, त्यामुळे तिथलं पाणी फक्त उताराच्या जोरावर सरकतं. वेग सेकंदाला तीन ते पाच सेंटिमीटर. खरा सरासरी वेग चौदा सेंटिमीटर. त्यात पंख्याला पानं गुंडाळली की आकडा आणखी पडतो, आणि इतक्या कमी वेगाला पुष्कळ मीटर नीट फिरतही नाहीत. असा मोजलेला विसर्ग घेऊन एन काढला तर तो तिप्पट-चौपट फुगलेला येणार. म्हणून वनस्पतीच्या आत दोन, सीमेवर एक आणि मोकळ्या थरात तीन अशा उभ्या रेषेवर किमान सहा ठिकाणी वेग घ्या. त्याहून चांगलं म्हणजे विसर्ग वनस्पती नसलेल्या ठिकाणी मोजा: वितरिकेच्या मुखाशी प्रमाणित फ्ल्यूम (विसर्ग मोजण्यासाठी बांधलेला अरुंद भाग) असेल तर तिथे, नाहीतर पुलाखालच्या काँक्रीटच्या भागात. फ्ल्यूम मात्र खालच्या फुगवट्याने बुडालेला नाही ना, हे बघून घ्या. मीटरचं कॅलिब्रेशन जुनं असेल तर ते आधी करून घ्या. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात ती सोय आहे.

दुसरा सापळा उताराचा. एन उलटा काढताना तळउतार धरू नका. खालच्या क्रॉस रेग्युलेटरचं (पाणीपातळी राखायला कालव्यात आडव्या बांधलेल्या बांधकामाचं) दार किंवा पुढचा तुंबलेला सायफन पाणी मागे फुगवत असतो, आणि त्या पट्ट्यात पाण्याचा उतार तळउतारापेक्षा खूप कमी असतो. तळउतार धरलात तर फुगवट्याचं सगळं पाप वनस्पतीच्या माथी बसतं. दोन्ही टोकांना पातळीपट्ट्या बसवून, लेव्हलिंगने एकाच संदर्भाला जोडून, एकाच वेळी वाचा. ०.०००३ उताराला ५०० मीटरमध्ये फरक पंधरा सेंटिमीटर. पट्टी दोन सेंटिमीटर चुकली तर उतार १३ टक्के चुकला, म्हणून लेव्हलिंगमध्ये कंजूषी नको.

ए प्रत्यक्ष मोजायचा झाला तर कालवा बंद असताना, पाणी गुडघाभर उरलेलं असताना जा. अर्ध्या मीटर बाजूची चौकट तळावर ठेवा, आतली सगळी वनस्पती मुळाशी कापा, पोत्यात भरा, काठावर ताडपत्रीवर पसरा. पानं आणि देठं मोजा, वीस-पंचवीस नमुन्यांची रुंदी आणि लांबी घ्या, चौकटीचं क्षेत्रफळ चौरस मीटरच्या चार भागांपैकी एक आहे हे लक्षात ठेवून चारने गुणा. काठाजवळ आणि मध्यभागी वेगळ्या चौकटी घ्या, कारण वाढ कधीच सारखी नसते. हायड्रिलासाठी उंचीचे दोन-तीन भाग करून ए वेगळा काढा: वरच्या झुबक्यात ए जास्त, खाली देठांत कमी, आणि त्यामुळे तळाशी वेग पुन्हा थोडा वाढलेला दिसतो. ड्रॅग गुणांक मात्र वेगळा मोजायच्या फंदात पडू नका. पाण्याच्या पातळीवरून तुम्हाला ड्रॅग गुणांक, ए आणि उंची यांचा गुणाकारच कळतो, सुटे घटक कळत नाहीत. चौकटीतून आलेला ए आणि १ च्या आसपासचा गुणांक घेऊन सुरुवात करा आणि गुणाकार एकत्रच जुळवा.

सॉफ्टवेअरचं काय? एचईसी-रासमध्ये वनस्पतीचा ड्रॅग थेट लिहिता येत नाही, पण विसर्गानुसार खडबडीतपणा बदलणारा तक्ता देता येतो, पातळीनुसार एन बदलता येतो आणि महिन्यानुसारही. वर काढलेले तीन एन, त्यांच्या-त्यांच्या विसर्गासमोर, त्या तक्त्यात भरा. तुमच्या कामाला तेवढं पुरेल. डेल्फ्ट-थ्रीडीमध्ये बाप्टिस्टचं सूत्र आधीच आहे, उंची आणि घनता द्यायची. वनस्पती ठिगळाठिगळाने वाढलेली असेल आणि पाणी मधल्या गल्ल्यांतून पळत असेल तर एकमितीय मॉडेल सोडून द्विमितीय घ्या. ठिगळांची सरासरी घनता काढून ती सगळ्या तळावर पसरवणं चूक आहे. पाणी सरासरीतून वाहत नाही, मोकळ्या वाटेने वाहतं.

या मॉडेलचा खरा उपयोग कापणीचा निर्णय घ्यायला होतो, आणि तिथे उत्तर कालव्याच्या रुंदीवर फिरतं. समजा निम्मीच वनस्पती काढण्याइतके पैसे आहेत. सगळीकडे उंची अर्धा मीटरवरून पाव मीटरवर आणली तर वेग ०.१४ वरून ०.२५ होतो. त्याऐवजी दहा मीटर रुंद कालव्यात मधला पाच मीटरचा पट्टा तळापर्यंत साफ केला, आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या वनस्पतींच्या भिंतींवर तोच ०.०५ चा गुणांक धरला, तर सरासरी ०.२८ येते. चार मीटरच्या वितरिकेत मधला दोन मीटर साफ केलात तर मात्र ०.२२ च, अरुंद पट्ट्याला दोन्ही बाजूंचं घर्षण जड जातं. तोच दोन मीटरचा पट्टा एका काठाला लावून काढा, वनस्पतीची भिंत एकाच बाजूला उरते, सरासरी ०.२७ वर जाते. काठाला लावून साफ केल्याने यंत्राचा हातही पोचतो. आकडे तुमच्या ए आणि उताराने बदलतील, पण लहान वितरिकेत मधोमध साफ करण्याची जी पद्धत पडली आहे तिची तपासणी या गणिताने नक्की करा. डेन्मार्कच्या ओढ्यांत सगळी वनस्पती न कापता प्रवाहाची एक वाट तेवढी मोकळी ठेवतात. त्यात पाण्यातल्या जीवांचाही विचार असतो.

कापलेली वनस्पती मात्र त्याच दिवशी पाण्याबाहेर काढा. हायड्रिलाचा तुकडा पेरासकट वाहत गेला की खाली जाऊन रुजतो, आणि तोपर्यंत सायफनच्या जाळीला आणि चाऱ्यांच्या दारांना बोळा बसवतो. चिखलात तिचे कंद असतात. कालवा कोरडा ठेवला तरी ते टिकतात आणि पाणी आलं की फुटतात. धरणातून गाळ खाली बसलेलं निवळ पाणी येतं तेव्हा तळापर्यंत उजेड पोचतो आणि वाढ झपाट्याने होते, पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात ती मंदावते. म्हणून रब्बीच्या पहिल्या आवर्तनाला जुळवलेला तक्ता उन्हाळ्याच्या शेवटच्या आवर्तनाला चालत नाही. दोन्ही वेळा काठीची उंची आणि एक चौकट नव्याने घ्या, बाकी मॉडेल तसंच ठेवा. तुमच्याकडे मुखाशी फ्ल्यूम आहे का आणि खाली पहिला रेग्युलेटर किती अंतरावर आहे, हे कळवलंत तर पातळीपट्ट्या कुठे बसवायच्या ते सांगता येईल.